ऑनलाइन की प्रत्यक्ष वर्ग: न्याय्य तुलनेचा प्रयोग कसा आखावा?

काजूबी (धागाकर्ता)

राजापूर आणि लांजा तालुक्यांतील काही माध्यमिक शाळांमधले आम्ही ८ गणित शिक्षक येत्या वर्षी इयत्ता नववीसाठी शनिवारी दुपारी गणिताचे जादा तास घेणार आहोत. १६ शाळांनी तयारी दाखवली आहे. प्रत्येक शाळेत नववीत सरासरी २५ मुले धरली, तर एकूण सुमारे ४०० विद्यार्थी होतात. डोंगरातल्या आणि खाडीपलीकडच्या शाळांमध्ये वर्षभर शिक्षक पाठवत राहणे खर्चाचे आहे. त्यामुळे हे तास ऑनलाइन घेतले तर मुलांचे शिकणे कितपत कमी होते, किंवा होते तरी का, हे एकदा नीट तपासून पाहावे असे आम्हांला वाटते.

पहिला आराखडा असा आहे: ८ शाळांमध्ये शिक्षक स्वतः जाऊन शिकवतील, उरलेल्या ८ शाळांतील मुले घरून मोबाइलवर तास करतील आणि सत्राच्या शेवटी दोन्हीकडचे गुण ताडून पाहायचे. कोणत्या शाळेला काय द्यायचे हे पालकसभेच्या मागणीवरून ठरवावे, असा काही मुख्याध्यापकांचा आग्रह आहे. या तुलनेतून निघणारा निष्कर्ष भक्कम असेल का, आणि नसेल तर तास सुरू होण्यापूर्वी कोणत्या गोष्टी ठरवून घ्याव्यात, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे. आमच्यापैकी कोणीही संख्याशास्त्राचे पदवीधर नाही, परंतु आकडेमोडीची भीतीही नाही.

कातळशिल्प

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. आपल्या आराखड्यातील सर्वांत मोठी अडचण पालकसभेच्या मागणीची आहे. ज्या गावातले पालक ऑनलाइन तास मागतील, त्या गावात रेंज चांगली असेल, घरात दुसरा फोन असेल, कदाचित मुलांना शिकवणीही असेल. याउलट एखाद्या शाळेने ऑनलाइन मागितले, याचे खरे कारण तिथला रस्ता पावसात बंद पडतो हे असेल. फरक कोणत्याही दिशेने पडला तरी तो शिकवण्याच्या पद्धतीमुळे पडला की मुळातल्या परिस्थितीमुळे, हे नंतर कितीही आकडेमोड केली तरी सांगता येणार नाही. मागील वर्षाचे गुण, घरचे उत्पन्न, शाळेचे अंतर असे मोजता येणारे घटक हिशेबात धरता येतात, पण पालकांची जागरूकता किंवा मुलाची स्वतःची इच्छा यांचा रकाना कोणत्याही तक्त्यात नसतो. म्हणून कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकूनच ठरवावे लागेल. त्यासाठी दुसरा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

दुसरा प्रश्न चिठ्ठी शाळेच्या नावाची टाकायची की विद्यार्थ्याच्या नावाची, हा आहे, आणि ४०० हा आकडा नेमका येथेच फसवा ठरतो. एका शाळेतील मुले एकमेकांसारखी असतात, कारण त्यांचे आधीचे शिक्षक एक, गाव एक, वातावरण एक. गुणांमधील एकूण तफावतीपैकी जो हिस्सा शाळा-शाळांमधील फरकामुळे येतो, तो ०.२ धरला (शालेय परीक्षांच्या बाबतीत हा अंदाज अवाजवी नाही), तर शाळानिहाय विभागणीत प्रत्येक शाळेच्या २५ मुलांमुळे तफावत १ + (२५ – १) × ०.२, म्हणजे ५.८ पट फुगते. ४०० मुले असूनही आपल्या हाती सुमारे ६९ स्वतंत्र मुलांइतकीच माहिती येते. ४० गुणांच्या चाचणीत प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीपासून साधारणपणे किती दूर पसरतात त्याचे माप) ८ गुण मानले, तर असा प्रयोग सुमारे साडेपाच गुणांपेक्षा लहान फरक भरवशाने टिपू शकणार नाही. सत्रभराच्या जादा तासांनी साडेपाच गुणांचा फरक पडणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणजे प्रयोगाअंती ‘फरक आढळला नाही’ असे वाक्य लिहिले जाईल आणि शाळा चालवणारी संस्था ते ‘फरक नाही’ असे वाचेल.

त्याऐवजी प्रत्येक शाळेतील निम्मी मुले एका गटात आणि निम्मी दुसऱ्या गटात, अशी शाळेच्या आतच सोडत काढली, तर हीच मर्यादा सव्वादोन गुणांच्या आसपास येते. तास सुरू होण्यापूर्वी सर्वांची एक पूर्वचाचणी घेतली आणि तिचा अंतिम चाचणीशी सहसंबंध (दोन्ही चाचण्यांचे गुण किती जुळतात त्याचे माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.७ निघाला, तर ती आणखी खाली, सुमारे १.६ गुणांवर येते. मुले तेवढीच, खर्च जवळपास तेवढाच, पण प्रयोगाची नजर तिपटीहून अधिक तीक्ष्ण.

खाचर

दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या कोणालाही वरील शेवटचा परिच्छेद ओळखीचा वाटेल, कारण भाताच्या वाणांच्या चाचण्या नेमक्या याच रीतीने होतात. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेतीप्रयोगांवर काम करताना यादृच्छिक (म्हणजे सोडतीने केलेली) विभागणी आणि गटरचना यांचा पाया घातला आणि १९३५ च्या ग्रंथात त्यांची पद्धतशीर मांडणी केली. शेताचा वरचा भाग निचऱ्याचा, खालचा पाणथळ. एक वाण वर आणि दुसरा खाली लावला, तर आपण वाणांची नव्हे, जमिनीची तुलना करतो. म्हणून उतारावर आडवे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण ठेवायचे आणि पट्ट्याच्या आत कोणता वाण कोणत्या वाफ्यात जाईल ते सोडतीने ठरवायचे. आपल्याकडे पट्टा म्हणजे शाळा.

यावर आणखी एक पाऊल टाकता येईल. प्रत्येक शाळेत पूर्वचाचणीच्या गुणांनुसार मुलांची उतरत्या क्रमाने यादी करावी, लगतच्या दोन-दोन मुलांच्या जोड्या कराव्यात आणि प्रत्येक जोडीत कोण कुठे जाईल ते चिठ्ठीने ठरवावे. हुशार मुले योगायोगाने एकाच बाजूला गोळा होण्याचा धोका त्यामुळे जवळजवळ संपतो. मात्र सख्खी भावंडे किंवा एकाच घरातली चुलत भावंडे एकाच वर्गात असतील, तर त्यांची चिठ्ठी एकत्र टाकावी. एका घरात एक मूल एका गटात आणि दुसरे दुसऱ्या गटात गेले, की त्या घरापुरता प्रयोग संपतो.

घाटमाथा

शिक्षण खात्यात दीर्घ काळ काम केल्यानंतर माझे मत थोडे निराळे झाले आहे. हा प्रश्न जगभर इतक्या वेळा तपासला गेला आहे की, १६ शाळांनी पुन्हा तोच उद्योग करण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. रिचर्ड क्लार्क या अमेरिकी शिक्षणशास्त्रज्ञाने १९८३ मध्येच असे प्रतिपादन केले होते की, माध्यम स्वतः काही शिकवत नाही. शिकवते ती अध्यापनाची पद्धत, आणि दोन माध्यमांच्या तुलनेत जो फरक दिसतो तो बहुधा पद्धत, वेळ किंवा नावीन्य बदलल्यामुळे दिसतो. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात तर ऑनलाइन शिकणारे सरासरीने किंचित पुढेच होते. मग आपल्या मुलांवर प्रयोग कशासाठी? २०२० आणि २०२१ मध्ये आपण जो ऑनलाइन शिक्षणाचा अनुभव घेतला, तो पुरेसा बोलका नव्हता का?

कातळशिल्प

घाटमाथा, क्लार्क यांचा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून प्रयोग करू नये असा निष्कर्ष निघत नाही. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असा निघतो. आपण उल्लेख केलेले एकत्रित विश्लेषण शेवटपर्यंत वाचले, तर त्यातील लाभ प्रामुख्याने मिश्र वर्गांचा होता, म्हणजे जेथे ऑनलाइन आणि प्रत्यक्ष दोन्ही होते. निव्वळ ऑनलाइन वर्गांचा लाभ जवळपास शून्य होता. शिवाय मिश्र वर्गांतील विद्यार्थ्यांना अनेकदा अधिक वेळ आणि अधिक साहित्य मिळाले होते, हे लेखकांनीच नमूद केले आहे. दिल्लीत संगणकाधारित शिकवणीचा एक गाजलेला प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सोडतीने प्रवेश मिळालेल्या मुलांची साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ प्रमाण विचलनाइतकी अधिक प्रगती झाली. निष्कर्ष उत्तम आहे, पण त्या मुलांना शाळेनंतरचे जादा तास मिळाले होते आणि तुलनेतल्या मुलांना ते मिळाले नव्हते. संपूर्ण योजनेचा उपयोग झाला एवढेच त्यातून सिद्ध होते, संगणक शिक्षकापेक्षा सरस आहे असे नाही.

शुद्ध तुलना हवी असेल, तर अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतील २०२० च्या शरद सत्राचा प्रयोग पाहावा. विद्यार्थी सोडतीने विभागले गेले, तेच प्राध्यापक काही तुकड्यांना वर्गात आणि काहींना ऑनलाइन शिकवत होते, अभ्यासक्रम आणि परीक्षा एकच होत्या. ऑनलाइन गट सुमारे ०.२ प्रमाण विचलनाने मागे राहिला. दुसरीकडे, संख्याशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमावर अमेरिकेतील सहा सार्वजनिक महाविद्यालयांमध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६०५ विद्यार्थी होते. आठवड्यातून एकदाच वर्गात येऊन उरलेले संगणकावर शिकणारे विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील विद्यार्थ्यांपेक्षा मागे पडले नाहीत. दोन्ही प्रयोग नीट आखलेले, तरी उत्तरे निराळी, कारण ‘ऑनलाइन’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी तपासल्या गेल्या होत्या. वेस्ट पॉइंटच्या विद्यार्थ्यांना वीज जाण्याची चिंता नव्हती आणि ते सर्व एकाच आवारात राहत होते. तो आकडा राजापूर तालुक्यातील वाडीला जसाच्या तसा लावणे मला पटत नाही.

महामारीच्या काळाविषयी इतकेच म्हणेन की, त्या दोन वर्षांत शिकवण्याची पद्धत एकटी बदलली नव्हती. पालकांचा रोजगार गेला, मुंबईचे चाकरमानी कुटुंबासह गावी आले, जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडापर्यंत घरांची छपरे उडवली आणि कित्येक दिवस वीज नव्हती. इतक्या गोष्टी एकदम बदललेल्या असताना त्यांतील ऑनलाइन शिक्षणाचा वाटा वेगळा काढणे शक्य नाही.

डोलकाठी

मी पालक आहे. आमचे घर बंदराजवळ आहे आणि आमचा व्यवसाय मासेमारीचा. आकडेमोडीत मला पडायचे नाही, परंतु दोन गोष्टी शिक्षकांनी लक्षात घ्याव्यात असे वाटते.

पहिली अशी की, घरातला स्मार्टफोन बहुतेक वेळा एकच असतो आणि तो घरातल्या कर्त्या माणसाबरोबर फिरतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्याला असतात, त्यामुळे फोनही घरी असतो. बंदी उठली की तो होडीबरोबर समुद्रात जातो. आपण जुलैमध्ये पाहणी करून ‘घरी फोन उपलब्ध’ असे लिहून घ्याल आणि तास चालतील ऑगस्टनंतर. दुसरे, खाली वाडीत रेंज नसते म्हणून मुले वर सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) जाऊन बसतात. भर पावसात दीड तास तेथे बसून कोण बीजगणित शिकणार?

आणि न्यायाचा प्रश्न राहतोच. माझ्या मुलीची चिठ्ठी ऑनलाइन गटात निघाली आणि तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलीला प्रत्यक्ष शिक्षक मिळाला, तर मी तिला काय सांगायचे?

सुरंगी

डोलकाठी यांचा शेवटचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. माझ्या मते त्याचे उत्तर असे देता येईल की, सध्या हे जादा तास कोणालाच मिळत नाहीत, सर्वांना पुरेल इतके शिक्षक नाहीत आणि कोणती पद्धत चांगली हे आज कोणालाच ठाऊक नाही. या तिन्ही गोष्टी खऱ्या असतील, तरच सोडत न्याय्य ठरते. तिसरी खरी नसेल, म्हणजे प्रत्यक्ष तास सरसच आहे अशी शिक्षकांची आधीच खात्री असेल, तर प्रयोग करूच नये. चिठ्ठ्या पालकांसमोर, शाळेतच उघडाव्यात. नको असेल त्याला बाहेर पडण्याची मुभा असावी आणि ती घेतल्याने मुलाचे कोणतेही नुकसान होणार नाही, हे लेखी द्यावे. तासांचे चित्रीकरण होणार असेल, तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे, हेही ध्यानात ठेवावे.

मी वेंगुर्ल्याकडे शिकवते आणि मला या चर्चेत एक गोष्ट सारखी खटकते आहे. आपण ऑनलाइन तासाची तुलना ज्या प्रत्यक्ष तासाशी करतो, तो प्रत्यक्ष तास प्रयोग संपल्यावर त्या शाळेला मिळणार आहे का? बोट्स्वानामध्ये महामारीच्या काळात फोन आणि लघुसंदेश यांवरून गणित शिकवण्याचा प्रयोग झाला. सुमारे ४,५०० कुटुंबांमध्ये सोडत काढली गेली आणि फोन आणि संदेश दोन्ही मिळालेल्या मुलांचे गणित सुधारले. तेथे तुलनागटाला काहीच मिळत नव्हते, आणि शाळा बंद असताना ती तुलना योग्यच होती, कारण खरा पर्याय तोच होता. आपल्याकडच्या कमी पटाच्या शाळेत गणिताची जागा रिक्त असते आणि गणिताचा तास कधी विज्ञानाचा, तर कधी भूगोलाचा शिक्षक घेतो. अशा शाळेपुढे ‘उत्तम शिक्षक समोर’ की ‘उत्तम शिक्षक पडद्यावर’ हा प्रश्न नसतोच. ‘पडद्यावरचा शिक्षक’ की ‘काहीच नाही’, हा असतो. त्यामुळे प्रयोगाचा अहवाल वाचून संस्था नेमका कोणता निर्णय घेणार आहे ते काजूबी यांनी आधी लिहून काढावे आणि त्यातील दोन पर्याय तेच प्रयोगातील दोन गट ठेवावेत.

मोजमापाविषयी दोन शब्द. दहावीच्या निकालावर काहीही बेतू नका. २०२४ मध्ये कोकण विभागाचा दहावीचा निकाल ९९.०१ टक्के होता, त्यात उत्तीर्णांचे प्रमाण वाढायला जागा कुठे आहे? अंतिम चाचणी दोन्ही गटांची एकत्र, शाळेत बसून, कागदावर व्हावी. ऑनलाइन गटाची चाचणी घरून घेतली, तर ती मोठ्या भावाची चाचणी होते. उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी संकेतांक असावेत, दोन्ही गटांच्या उत्तरपत्रिका मिसळून गठ्ठे करावेत आणि तपासणी दुसऱ्या तालुक्यातील शिक्षकांकडून करून घ्यावी. ‘तास आवडला का’ हा प्रश्न विचारायचा तर विचारावा, पण शिकणे मोजल्याचा आव आणू नये. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरच्या २०१९ मधील अभ्यासात ज्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असे वाटत होते, तेच चाचणीत पुढे होते.

काजूबी

सर्वांचे आभार. सुरंगीताई, संस्थेपुढचा निर्णय आम्ही लिहून काढला. पुढील वर्षापासून या शाळांमध्ये पंधरवड्यातून एकदा गणिताचा पाहुणा शिक्षक पाठवायचा, की शाळेतल्याच एका खोलीत पडदा आणि इंटरनेट बसवून तोच शिक्षक दुरून शिकवील अशी सोय करायची, हा तो निर्णय आहे. काही न करण्याचा पर्याय संस्थेच्या विचारात नाही. डोलकाठी यांनी लिहिलेले वाचल्यावर घरच्या मोबाइलचा मार्ग आम्ही वगळत आहोत.

आणखी एक सूचना शिक्षकांच्या बैठकीत आली. अर्धे सत्र एका गटाला प्रत्यक्ष आणि दुसऱ्याला पडद्यावर शिकवावे, नंतर अदलाबदल करावी, म्हणजे प्रत्येक मुलाला दोन्ही मिळेल आणि पालकांची तक्रार राहणार नाही. यात काही धोका आहे का?

खाचर

अदलाबदलीत धोका आहे तो अवशिष्ट परिणामाचा. पहिल्या हंगामात दिलेले खत दुसऱ्या हंगामातही जमिनीत शिल्लक असते, आणि गणितात ही शिल्लक फार मोठी असते. समजा, पहिल्या टप्प्यात बहुपदी आणि दुसऱ्यात दोन चलांतील रेषीय समीकरणे घेतली. ज्या मुलाला बहुपदी नीट समजली नाही, ते समीकरणांतही अडखळणार, मग दुसऱ्या टप्प्यात ते समोरच्या वर्गात बसलेले का असेना. त्याचे कमी गुण प्रत्यक्ष तासाच्या नावावर नोंदले जातील. एकमेकांवर अवलंबून नसलेले घटक निवडले, उदाहरणार्थ भूमितीतील त्रिकोण आणि बीजगणिताच्या पुस्तकातील सांख्यिकी, तर अदलाबदल करता येईल.

मग ऋतू येतो. जुलै-ऑगस्टमध्ये वीज आणि इंटरनेट जितके बेभरवशाचे, तितके ते नोव्हेंबरात नसतात. पण पावसात घाटरस्त्याने शिक्षक पोहोचणेही बेभरवशाचे असते. गणपतीच्या सुट्टीच्या मागेपुढे उपस्थिती कोलमडते ती दोन्ही गटांची. अदलाबदलीमुळे प्रत्येक गटाला दोन्ही ऋतू मिळतात हे खरे, पण ते दोन्ही गटांना दोन्ही पद्धतींसह मिळत नाहीत. माझे मत अदलाबदलीच्या विरुद्ध आहे. सरळ दोन समांतर गट ठेवावेत आणि प्रयोग संपल्यावर जी पद्धत सरस ठरेल तिने सर्वांची उजळणी घ्यावी.

चाचणीच्या वेळेविषयीही सावध राहावे. हळवे (लवकर तयार होणारे) आणि गरवे (उशिरा तयार होणारे) भात एकाच दिवशी कापून उत्पन्न ताडून पाहिले, तर गरव्यावर अन्याय होतो. समोरासमोरच्या तासाचा परिणाम लगेच दिसत असेल आणि पडद्यावरच्या तासाचा टिपणे पुन्हा वाचल्यावर दिसत असेल, किंवा अगदी उलटही असेल. एक चाचणी सत्र संपताच आणि दुसरी दोनेक महिन्यांनी, पूर्वकल्पना न देता, अशा दोन घेतल्या तरच ते कळेल.

कातळशिल्प

खाचर यांच्याशी मी सहमत आहे. प्रयोग सुरू झाल्यावर ज्या गोष्टी हमखास बिघडतात, त्यांविषयी आता लिहितो.

पडद्याच्या गटात चिठ्ठी निघालेला मुलगा मित्रांबरोबर प्रत्यक्ष वर्गात जाऊन बसेल. कोणाकडे इंटरनेट तीन शनिवार बंद राहील. हिशेब करताना मोह असा होतो की, ज्यांनी खरोखर पडद्यावर तास केले तेवढ्यांचीच तुलना करावी. तसे केले की सोडतीने मिळवलेली सगळी समानता आपण आपल्या हाताने मोडतो, कारण सर्व तासांना नेमाने बसणारी मुले मुळातच वेगळी असतात. ज्याची चिठ्ठी ज्या गटात निघाली, तो शेवटपर्यंत त्याच गटात मोजावा, मग तो एका तासाला आला असो वा सगळ्या. बंद पडलेल्या तासांची भरपाई प्रयोगासाठी म्हणून मुद्दाम करू नये. प्रत्यक्ष योजना राबवताना जी भरपाई संस्थेला परवडेल, तेवढीच करावी. वीज जाणे हा येथे पडद्यावरच्या शिक्षणाचाच भाग आहे, तो वजा करून काढलेला निष्कर्ष कोकणाच्या उपयोगाचा नाही. अंतिम चाचणीला गैरहजर राहणाऱ्यांकडे मात्र डोळेझाक करू नका. एका गटातले १० आणि दुसऱ्यातले ३० गैरहजर राहिले, तर उरलेल्यांची तुलना पुन्हा निवडक मुलांची तुलना होते. त्यांच्यासाठी आठवडाभरात दुसरी संधी ठेवावी लागेल.

सरासरीवर थांबू नये, हेही सांगायला हवे. जिनिव्हा विद्यापीठात व्याख्यानांचे थेट प्रक्षेपण काही विद्यार्थ्यांना सोडतीने उपलब्ध करून दिले गेले. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. अभ्यासात कच्च्या विद्यार्थ्यांचे नुकसान झाले आणि हुशार विद्यार्थ्यांचा फायदा झाला. असे दोन परिणाम एकमेकांना छेद देत असतील, तर सरासरी शून्याजवळ येते आणि ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज आहे तीच मुले अहवालातून अदृश्य होतात. मात्र मुलगे, मुली, दूरचे, जवळचे, शिकवणीचे, बिनशिकवणीचे असे वीस उपगट नंतर चाळत बसलो, तर वीसांपैकी एकात तरी निव्वळ योगायोगाने फरक सापडण्याची शक्यता मोठी असते. म्हणून पूर्वचाचणीतील खालची एकतृतीयांश मुले हा एकच उपगट आधी जाहीर करावा.

घाटमाथा

माझा मूळ आक्षेप मी मागे घेत नाही, पण शाळेतला पडदा ही अट आल्याने प्रश्न आटोपशीर झाला हे मान्य करतो. प्रशासकीय अनुभवावरून एक इशारा देतो. आपल्यावर प्रयोग चालू आहे हे कळल्यावर पडद्याच्या खोलीवर देखरेख करणारा कर्मचारी अधिक जागरूक राहतो, आणि समोर शिकवणाऱ्या शिक्षकालाही आपली पद्धत हरू नये असे वाटू लागते. दोन्ही खोल्यांत एकेक पर्यवेक्षक असावा, दोघांच्या सूचना शब्दशः सारख्या असाव्यात आणि शिक्षकाने दोन्हीकडे तोच पाठ, तीच उदाहरणे, तोच गृहपाठ द्यावा. एक गट १२ मुलांचा आणि दुसरा तीन शाळांची मुले जोडून ४० चा झाला, तर ती तुलना वर्गसंख्येची होईल.

काजूबी

वरील चर्चेनंतर ठरलेला आराखडा नोंदवून ठेवतो.

१६ शाळांच्या ८ जोड्या केल्या आहेत आणि प्रत्येक जोडीला एक शिक्षक. पहिल्या शनिवारी तो जोडीतल्या पहिल्या शाळेत जाईल. तेथील प्रत्यक्ष गटाला समोर शिकवील आणि तेथूनच दुसऱ्या शाळेतील पडद्याच्या गटाला तोच पाठ शिकवील. पुढच्या शनिवारी तो दुसऱ्या शाळेत असेल आणि उरलेले दोन गट तोच पाठ करतील. अशा रीतीने कोणतेही मूल ताटकळत बसणार नाही, प्रत्येक गट १२-१३ मुलांचाच राहील आणि प्रत्येकाला पंधरवड्याला एक तास मिळेल. दोन तासांपैकी पहिला कोणता घ्यायचा याचा क्रम पाठागणिक बदलायचा आहे, म्हणजे शिक्षकाचा थकवा एकाच गटाच्या वाट्याला येणार नाही.

पूर्वचाचणी जूनच्या अखेरीस होईल, जोड्या लावून चिठ्ठ्या पालकसभेत उघडल्या जातील. अंतिम चाचणी ४० गुणांची, शाळेत, कागदावर. तपासणी संकेतांकांवरून आणि दुसऱ्या तालुक्यात. मुख्य तुलना एकच, ती चिठ्ठीनुसार. उपगट एकच. पडद्याचा गट दोन गुणांपेक्षा अधिक मागे पडला, तर शिक्षक पाठवण्याचा खर्च करण्यास संस्था तयार आहे, असे कार्यकारिणीने लेखी कळवले आहे. हा दोन गुणांचा आकडा गुण हाती येण्यापूर्वी ठरवून घेतला, हे बरे झाले.

एक अडचण अजून सुटलेली नाही. दोन शाळांमध्ये इंटरनेटची जोडणी सध्या येऊच शकत नाही. त्यांना प्रयोगात ठेवावे की वगळावे?

कातळशिल्प

जूनपर्यंत जोडणी आली नाही, तर त्या दोन शाळा सोडतीपूर्वीच वगळाव्यात आणि वगळल्याचे कारण अहवालात लिहावे. सोडतीनंतर वगळणे चालणार नाही. उरलेल्या १४ शाळांत सुमारे ३५० मुले राहतील. टिपता येणारा फरक १.६ वरून १.७ गुणांवर जाईल, म्हणजे आपल्या दोन गुणांच्या मर्यादेच्या आतच राहील. दोन्ही शाळा एकाच जोडीत नसतील, तर जोड्या मात्र नव्याने लावाव्या लागतील. निष्कर्ष जोडणी असलेल्या शाळांपुरताच लागू आहे हे अहवालाच्या शीर्षकातच यावे, कारण कार्यकारिणीचे सभासद बहुधा तेवढेच वाचतील.

डोलकाठी

आणि त्या दोन शाळांतल्या मुलांना शिक्षक पाठवणार ना?

काजूबी

होय. त्या दोन्ही शाळांमध्ये पंधरवड्याला एक तास प्रत्यक्षच घेतला जाईल. त्यांचे गुण तुलनेत धरले जाणार नाहीत.